ब्रिक्स देश आणि करोनाची मंदी : रोग एक, हिशेब पाच

शिरोलीकर :
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न मांडतो. २०२० साली करोना सगळ्यांकडे एकच आला. मग ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या तेव्हाच्या ब्रिक्स गटातल्या पाच देशांचे हिशेब इतके वेगळे कसे लागले?

चीनची अर्थव्यवस्था २०२० च्या पहिल्या तिमाहीत ६.८ टक्क्यांनी आकसली, पण वर्षअखेरीला ती दोन टक्क्यांहून जास्त वाढलेलीच होती. रशिया साधारण तीन टक्के खाली, ब्राझील चारच्या आसपास, दक्षिण आफ्रिका सहा-सात. आपला एप्रिल ते जूनचा पहिला आकडा जाहीर झाला तो उणे २३.९ टक्के. मोठ्या अर्थव्यवस्थांत त्या तिमाहीत इतका खोल खड्डा दुसऱ्या कुणाला पडला नाही.

माझी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. ट्रक आणि ट्रॅक्टरची कास्टिंग करतो. एप्रिल २०२० मध्ये देशातल्या मोटार कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्य होती, तेव्हा आमच्या भट्टीचं काय झालं असेल ते सांगायला नको. जूनपासून ट्रॅक्टरचं शेड्यूल आलं, कारण पाऊस चांगला होता आणि शेती सुरू होती. ट्रकवाल्यांचं यायला पार दिवाळी उजाडली.

माझं मत स्पष्ट सांगतो. आम्हा कारखानदारांना सरकारनं कर्जाची हमी दिली, कामगाराच्या हातात मात्र रोख दिली नाही. आपला खड्डा खोल गेला आणि भरायला वेळ लागला, त्याचं मोठं कारण हेच. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण आकडे किंवा स्वतःचा अनुभव घेऊन.

तांबडा_पांढरा :
रुमाल टाकून ठेवतोय भावा. विषय लई भारी हाय, जेवून येतो.

अर्थशास्त्राची_मास्तरीण :
शिरोलीकर, प्रश्न चांगला आहे, उत्तर अर्धंच पटतं.

आपली तिमाही इतकी कोसळली त्याचं पहिलं कारण टाळेबंदी. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. ३१ ऑगस्टला जे आकडे आले त्यात बांधकाम निम्म्यावर आलं होतं (उणे ५०.३), व्यापार-हॉटेल-वाहतूक उणे ४७, कारखानदारी उणे ३९.३. एकटी शेती ३.४ टक्के वाढली. लोकांच्या हातात पैसे ठेवले असते, तरी एप्रिलमध्ये ते खर्च कुठे करणार होते? दुकानंच बंद होती.

आणि रोख अजिबात दिली नाही असंही नाही. जनधन खातं असलेल्या सुमारे वीस कोटी बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये मिळाले. ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. रक्कम फारच थोडी होती, हे मान्य.

दुसरी बाजूही बघा. मार्च २०२० या एका महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी विकसनशील देशांतून ८० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम काढून घेतली. अमेरिका हव्या तेवढ्या नोटा छापते आणि जग तरी डॉलरच मागतं. ब्राझीलच्या रियालला, दक्षिण आफ्रिकेच्या रँडला, आपल्या रुपयाला ती मुभा नाही. दक्षिण आफ्रिकेत ज्या दिवशी टाळेबंदी सुरू झाली, २७ मार्चला, त्याच दिवशी मूडीज या पतमापन संस्थेनं त्यांचं पतमानांकन कचरा श्रेणीत टाकलं, म्हणजे कर्ज द्यायला जोखमीचा देश. १ जूनला आपलंही एक पायरी खाली आणलं, गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर. सरकारं हात आखडता घेतात ती या भीतीनं.

शिरोलीकर :
बाई, भीती कळते. पण जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात आपली परकीय गंगाजळी ५०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. कोठार भरलेलं असताना हात आखडायचा, हे काही मला पटत नाही.

अर्थशास्त्राची_मास्तरीण :
गंगाजळी म्हणजे सरकारच्या गल्ल्यातली रोकड नव्हे, ती रिझर्व्ह बँकेकडची डॉलरची ठेव. पण एवढं खरं, की ती होती म्हणून त्या वर्षी रुपया डॉलरला ७७ च्या आत राहिला. ब्राझीलचा रियाल वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला चार होता, मे महिन्यात सहाच्या जवळ गेला. आपल्याला जास्त मोकळीक होती हा तुमचा मुद्दा घेते.

साओपावलोचा_पाव्हणा :
मी त्या वर्षी ब्राझीलमध्येच अडकलो होतो (मूळ गाव गारगोटी), म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

तिथल्या मदतीचं नाव 'आउशिलियो इमर्जेन्सियाल'. सरकार आधी महिना २०० रियाल म्हणत होतं, संसदेनं भांडून ते ६०० वर नेलं. एकट्या आईला दुप्पट, म्हणजे १,२०० रियाल. साधारण साडेसहा कोटींहून जास्त लोकांना हे थेट मिळालं. त्यात फेरीवाले होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या, रोजंदारीवरचे गवंडी होते.

आमच्या इमारतीत साफसफाईला येणारी बाई एकटी दोन पोरं सांभाळायची. एप्रिलमध्ये सगळ्या घरांनी तिला "येऊ नका" सांगितलं. मे महिन्यात पैसे जमा झाल्यावर तिनं पहिल्यांदा गॅसचं सिलिंडर भरलं, मग थकलेलं भाडं दिलं. सरकारी बँकेबाहेर रात्रीपासून रांगा असायच्या, कारण कित्येकांकडे धड फोन नव्हता, कुणाच्या करक्रमांकात घोळ होता. आणि या रांगा साथ ऐन जोरात असताना लागत होत्या, हेही विसरता येत नाही. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो रोगाला किरकोळ ताप म्हणत होते. माणसं फार गेली.

पण अर्थकारणापुरतं बोलायचं तर २०२० च्या मध्यात तिथली गरिबी चक्क कमी झाली होती. सप्टेंबरपासून रक्कम निम्मी केली, डिसेंबरला बंद केली, आणि २०२१ च्या सुरुवातीला गरिबी पुन्हा वर गेली. तेव्हा शिरोलीकरांच्या मताला माझं अनुमोदन.

सीसी_लिमिट :
पाव्हणे, पुढचंही सांगा की. ब्राझीलचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या घरात गेलं. २०२१ ला महागाई दहा टक्क्यांवर. व्याजदर २ टक्क्यांवरून २०२२ च्या ऑगस्टपर्यंत १३.७५ वर न्यावे लागले. त्याचा फटका परत गरिबालाच बसला.

मी बँकेत शाखाधिकारी होतो. १३ मे २०२० ला तीन लाख कोटींची हमी योजना आली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज थकबाकीशिवाय सुरू होतं त्याच्या २० टक्के वाढीव, नवं तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही, व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या वर नाही. आमच्या एकट्या शाखेतून कोल्हापूरच्या उद्यमनगरचे कितीतरी छोटे कारखाने त्यावर उभे राहिले. कारखाना बुडाला तर कामगाराला रोख देऊन तो कुठे जाणार? कारखाना वाचला म्हणून नोकरी वाचली. शिरोलीकर साहेब, तुमचीही वाचली असेल.

शिरोलीकर :
वाचली, साहेब. त्या पैशातून विजेचं बिल आणि पिग आयर्नवाल्याचं देणं भागवलं. भट्टी बंद असताना डिमांड चार्ज (विजेचा ठरावीक आकार) चालूच होता. तीन महिने पुढे ढकलला खरा, पण माफ झाला नाही. म्हणजे हमीचा पैसा माझ्या हातात आला आणि मागच्या देण्यात गेला. बाजारात नवी मागणी त्यानं तयार झाली नाही. मी म्हणतोय ते हेच.

यंत्रमाग_इचलकरंजी :
तुम्हा दोघांचं भांडण वाचतोय. पण तुम्ही बँकेच्या दारातल्या लोकांचं बोलताय. आमच्याकडं आठ-दहा मागांवर जॉबवर्क करणारा माणूस बँकेच्या दारात जातच नाही, तो पतसंस्थेत जातो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाही, ती सहकार खात्याकडं. त्यामुळं मार्च ते ऑगस्ट जो हप्ता-स्थगितीचा हुकूम निघाला तो आम्हाला लागू नाही. हमीचं कर्जही नाही. हप्ता मात्र दर महिन्याला.

माग बंद, व्यापारी सूत देत नाही, आधीच्या ग्रे (न रंगवलेल्या) कापडाचं पेमेंट अडकलेलं. कांडी भरणाऱ्या बायकांना तर कुठलाच कागद नाही, ना पगारपत्रक, ना पीएफ. आणि दिवाळीनंतर काम सुरू झालं तर सुताचा भाव असा चढला की मजुरीच परवडेना. माझ्या शेजारच्यानं चार माग भंगारात घातले. लोखंडाला तेव्हा भाव होता, एवढंच त्याचं नशीब. त्या चार मागांचा आकडा जीडीपीत कुठं दिसतो, मास्तरीणबाई?

अर्थशास्त्राची_मास्तरीण :
दिसत नाही. तिमाही आकडा काढताना असंघटित क्षेत्राचं मोजमाप थेट होत नाही, मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या कामगिरीवरून बऱ्याच अंशी अंदाज बांधतात. त्या वर्षी मोठ्या कंपन्या लवकर सावरल्या आणि छोटे मेले. त्यामुळे अंदाज खऱ्या स्थितीपेक्षा बरा आला असण्याची शक्यता दाट आहे. पतसंस्थेचा मुद्दा फार महत्त्वाचा, तो चर्चेत कधी येतच नाही.

तांबडा_पांढरा :
आलो जेवून. ह्यात आता फक्त गूळ यायचा राहिलाय.

गुऱ्हाळघर :
आलाच की गूळ!

आमचा हंगाम मार्चमध्ये संपतच आला होता, त्यामुळं गुळाला झळ कमी बसली. साखर कारखान्यांचंही तेच, गाळप बहुतेक उरकलं होतं. मार खाल्ला दुधानं. हॉटेल बंद, चहाची टपरी बंद, लग्नं बंद. दूध उरलं. राज्य सरकारनं रोज दहा लाख लिटरपर्यंत दूध घेऊन भुकटी करायची ठरवली, तरी दर पडलेच, आणि जुलैत दूध रस्त्यावर ओतायचं आंदोलन झालं.

शेती ३.४ टक्के वाढली, खरं आहे. पण शेतात माणसंही वाढली हे कुणी लिहिलं नाही. पुण्या-मुंबईची पोरं गावी परतली. पाव एकरात भांगलायला बाप पुरत होता, तिथं बाप, दोन लेक आणि सून. पीक तेवढंच, वाटेकरी चार.

अर्थशास्त्राची_मास्तरीण :
गुऱ्हाळघर, तुमच्या शेवटच्या वाक्याला सरकारी पाहणीचा आधार आहे. देशातल्या एकूण काम करणाऱ्यांत शेतीवरचे लोक २०१८-१९ ला ४२.५ टक्के होते, २०२०-२१ ला ४६.५ टक्के झाले. कित्येक दशकं हा आकडा खाली येत होता. विकास म्हणजे माणसं शेतातून कारखान्याकडे जाणं, असं आपण वर्गात शिकवतो. करोनानं तो प्रवास उलटा फिरवला.

हुपरीची_लेक :
आमच्या हुपरीच्या चांदीकामाचं सांगते. मार्च २०२० मध्ये चांदी किलोला पस्तीस हजारांच्या आसपास आली आणि ऑगस्टमध्ये पंचाहत्तर हजारांच्या वर गेली. बाहेरच्या लोकांना वाटलं हुपरीकरांची चांदी झाली. ज्याच्याकडं माल पडून होता त्याची झाली. पैंजणाला घुंगरं लावणाऱ्या, कड्या जोडणाऱ्या बायकांचं काय? त्यांची मजुरी वजनावर. भाव चढला की व्यापारी हलका माल मागतो, वजन कमी की मजुरी कमी, आणि हात मात्र तेवढेच चालवावे लागतात. लग्नसराई दोन वर्षं बुडाली.

माझी आई हेच काम करते. बचतगटाच्या नावावर घेतलेल्या छोट्या कर्जाचे हप्ते वसूल करायला माणसं दारात येऊन बसायची, स्थगितीचं नाव काढलं की "व्याज वाढेल बघा" म्हणायची. तेव्हा आईनं तिचे डूल गहाण टाकले, दुसऱ्यांचे दागिने घडवणाऱ्या बाईनं. शिरोलीकर काका म्हणतात ती रोख त्या वेळी महिना दोन हजार जरी मिळाली असती, तरी ते डूल घरात राहिले असते.

डर्बनहून_परत :
दक्षिण आफ्रिकेचं मी लिहितो, तीन वर्षं कामाला होतो तिकडे.

त्यांच्याकडे रोग यायच्या आधीच बेकारी ३० टक्क्यांच्या जवळ होती, वीज कपात वारंवार. टाळेबंदी आपल्यासारखीच कडक. दारू आणि सिगारेटच्या विक्रीवरसुद्धा बंदी, सिगारेट तर ऑगस्टपर्यंत बंद. लोकांनी ओढायचं सोडलं नाही, चोरून दुप्पट-तिप्पट भावानं घेतली. सरकारचा कर बुडाला, धंदा चोरांना मिळाला.

पण तिथं एक गोष्ट आपल्याहून बरी होती. म्हातारपणाचं आणि मुलांचं अनुदान आधीपासून कोट्यवधी लोकांना मिळायचं, म्हणजे यादी तयार होती, वाटप करणारं खातं तयार होतं. मे २०२० पासून बेकारांसाठी महिना ३५० रँड सुरू केले. रक्कम अगदी तुटपुंजी, पण ती एकदा सुरू झाली ती वर्षानुवर्षं वाढवत नेली. तरी २०२० च्या अखेरीला बेकारी ३२.५ टक्के झाली, आणि जुलै २०२१ ला क्वाझुलू-नाताळ आणि गाउटेंग या प्रांतांत दंगली उसळल्या, साडेतीनशेहून जास्त माणसं मेली. निमित्त माजी राष्ट्राध्यक्षांच्या तुरुंगवासाचं, पण गोदामं फोडून तांदळाची पोती डोक्यावर नेणारी बायामाणसं पाहिली तेव्हा मला त्यात भूकच दिसली.

पंचगंगाकाठ :
आपल्याकडं दंगल झाली नाही, कारण रेशनचा तांदूळ घरात येत होता. याचं श्रेय द्यायला पाहिजे.

डर्बनहून_परत :
शंभर टक्के सहमत. रेशन दुकानांचं जाळं आपल्याकडं होतं, तिकडं नव्हतं.

कागल_पंचतारांकित :
रशियाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मार्चमध्ये सौदीशी तेलावरून वाजलं, २० एप्रिलला अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला. तेलावर जगणाऱ्याला दुहेरी मार. पण त्यांनी तेलाच्या पैशाचा राखीव निधी ठेवला होता, आणि हॉटेल-पर्यटनावर पोट असलेली जनता तुलनेनं कमी. म्हणून तीन टक्क्यांवर भागलं.

चीनबद्दल मात्र माझा थेट अनुभव. आम्ही पंपाचे सुटे भाग निर्यात करतो. चीननं कारखाने सगळ्यांच्या आधी उघडले आणि जगाला लागणारे मास्क, लॅपटॉप, घरी बसून लागणाऱ्या सगळ्या वस्तू पुरवल्या. त्यांची वाढ निर्यातीवर झाली. त्यांच्या सामान्य माणसाच्या खिशातून ती आली नाही, कारण तिथल्या सरकारनंही लोकांना रोख फारशी वाटली नाही. त्याचा परिणाम आम्हाला असा दिसला की रिकामे कंटेनर सगळे तिकडं ओढले गेले. युरोपातून "चीनला पर्याय हवा" म्हणून चौकशा येत होत्या, माल पॅक करून तयार होता, आणि न्हावा-शेवाला कंटेनर मिळेना. मिळाला तर भाडं कित्येक पटींनी चढलेलं. ऑर्डर हातात असून माल शेडमध्ये, हे दुःख वेगळंच असतं.

आणि २०२२ मध्ये जग उघडलं तेव्हा शून्य-कोविडच्या हट्टापायी चीन शांघायसारखी शहरं बंद करत बसला. त्या वर्षी त्यांची वाढ तीन टक्क्यांवर आली. तेव्हा चीन जिंकला असं घाईनं लिहू नये.

तांबडा_पांढरा :
हे पाच देश एका गटात म्हणं. जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. मग गट कशाचा राव?

अर्थशास्त्राची_मास्तरीण :
राग रास्त आहे. पण गटाचं थोडं काम त्या काळात झालं, ते नोंदवते. ब्रिक्सची विकास बँक शांघायमध्ये आहे, आपले के. व्ही. कामत तिचे पहिले अध्यक्ष होते. तिनं २०२० मध्ये भारताला तातडीची मदत म्हणून एक अब्ज डॉलर कर्ज दिलं, आणि डिसेंबरमध्ये रोजगार हमीच्या कामांसाठी आणखी एक अब्ज. ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं मिळून जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की लशी आणि औषधांवरचे पेटंट हक्क साथीपुरते बाजूला ठेवा. ब्राझीलनं सुरुवातीला त्याला विरोध केला. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही अर्धामुर्धा, लशींपुरता. तोवर लाटा येऊन गेल्या होत्या. लस उशिरा म्हणजे दुकान उशिरा उघडणं, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको.

महाद्वाररोड :
बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझं ओटी-साडीचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर, गिऱ्हाईक नाही. मार्च २०२० ला अंबाबाईचं मंदिर बंद, ते पाडव्याला १६ नोव्हेंबरला उघडलं. एप्रिल २०२१ ला परत बंद, उघडलं ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला. मधे जुलै २०२१ ला पुन्हा पूर. राज्यात बाकीकडं दुसरी लाट उतरली तरी आपल्या जिल्ह्याचा आकडा खाली येईना, आणि आम्ही व्यापारी "दुकानं उघडू द्या" म्हणून रस्त्यावर. मी पण होतो त्यात. घरात तेव्हा आजारी माणूस होतं, तरी होतो. भाडं थांबत नव्हतं.

मंदिर बंद म्हणजे मी एकटा बंद नव्हे. फुलवाली, पेढेवाला, यात्री निवास, रिक्षा, चपलांची गल्ली, मिसळवाला. पाच देशांचे आकडे वाचताना मला वाटतं, ज्या देशाचं पोट अशा गर्दीवर चालतं तो जास्त बुडाला.

पंचगंगाकाठ :
+१. श्रीलंका बघा. पर्यटन गेलं, डॉलर आटले, एप्रिल २०२२ ला परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. ब्रिक्समध्ये नाही, पण धडा तोच.

सीसी_लिमिट :
श्रीलंकेत करकपात आणि रातोरात खतबंदी ही कारणंही होती. सगळं करोनावर ढकलू नका. हवा तर वेगळा धागा काढा.

यंत्रमाग_इचलकरंजी :
मास्तरीणबाई, २०२१ मध्ये "२० टक्के विक्रमी वाढ" अशा बातम्या होत्या. तेव्हा माझे निम्मे माग बंद होते. हे गणित एकदा समजावून सांगा.

अर्थशास्त्राची_मास्तरीण :
सोपं आहे. १०० रुपयांचे घसरून ७६ झाले. पुढच्या वर्षी त्या ७६ वर २० टक्के वाढ झाली, म्हणजे ९१. बातमी २० टक्क्यांची, पण दोन वर्षांपूर्वीच्या शंभरला अजून नऊ कमीच. आणि साथ आली नसती तर शंभराचे दोन वर्षांत ११० तरी झाले असते, त्या हिशेबानं तूट आणखी मोठी. जागतिक बँकेच्या अंदाजानं २०२० या एका वर्षात जगात सुमारे सात कोटी माणसं अतिगरिबीत ढकलली गेली. ती माणसं दुसऱ्या वर्षीच्या टक्केवारीनं आपोआप वर येत नाहीत.

मोल्डिंगवाला :
सगळं वाचलं. मी कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. पण इथं मालक, बँकवाले, प्राध्यापक सगळे बोलले, म्हणून लिहितो.

मी फौंड्रीत मोल्डिंगला. ठेकेदाराकडं, पीएफ नाही. एप्रिलमध्ये ठेकेदार म्हणाला, कंपनी देईल तेव्हा देतो. कंपनी म्हणाली, ठेकेदाराला विचार. आमच्याबरोबर ओडिशाची पोरं होती, एका खोलीत आठ जण. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटायला लागल्या तेव्हा ती गेली. जाताना स्टो आणि भांडी मला देऊन गेली, परत येऊ म्हणाली. निम्मी आली.

माझं रेशन कार्ड गावाकडं आजऱ्याला, भावाबरोबर. शहरात धान्य मिळेना. बायकोचं जनधन खातं होतं, पाचशे आले तीन वेळा. ते गॅसला आणि पोराच्या फोनच्या रिचार्जला गेले, शाळा फोनवर होती म्हणून. मग मी गावी गेलो आणि रोजगार हमीवर बांध घालायच्या कामाला गेलो. भट्टीवर काम केलेल्या माणसाला माती उचलायला लाज नाही वाटत, पण आठवड्याची मजुरी खात्यात यायला फार दिवस लागायचे.

नोव्हेंबरला परत बोलावलं. माणसं कमी होती, म्हणून रोज थोडा वाढवून मिळाला. आधीच्या महिन्यांचं काही मिळालं नाही. बँकवाले साहेब म्हणतात कारखाना वाचला म्हणून नोकरी वाचली. खरं आहे. पण मधले सहा-सात महिने आम्ही कसे काढायचे, ते कुणाच्याच योजनेत नव्हतं.

शिरोलीकर :
मोल्डिंगवाले, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या आणि डर्बनकरांच्या प्रतिसादात मिळतंय. ब्राझीलकडे गरीब कुटुंबांची नोंदवही २००१ पासून होती, दक्षिण आफ्रिकेकडे अनुदानाची यादी होती. आपल्याकडे आधार होतं, जनधन होतं, पण शिरोलीत ठेक्यावर मोल्डिंग करणारा आजऱ्याचा माणूस कोण, हे सांगणारी यादी कुठेच नव्हती. ना सरकारकडे, ना माझ्यासारख्या मालकांकडे. सरकारला रोख द्यायची असती तरी ती कुणाला द्यायची?

सीसी_लिमिट :
हा मुद्दा मान्य. असंघटित कामगारांची नोंद करणारं ई-श्रम पोर्टल सुरू झालं ते २६ ऑगस्ट २०२१ ला, दुसरी लाट गेल्यावर. नोंदणी पुढे २८ कोटींच्या वर गेली. पण यादी झाली म्हणजे पैसे आले असं नव्हे. रक्कम किती आणि ती आणायची कुठून, यावर मी अजूनही तुमच्याशी भांडणार.

शिरोलीकर :
भांडा, हक्कानं भांडा. मी तर म्हणतो, हमीच्या कर्जालाच अट घालायची होती की त्यातला ठरावीक हिस्सा ठेक्यावरच्या माणसांच्या खात्यावर थेट जाईल. मला ती अट चालली असती. आमच्या बैठकीत हे मांडलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

हुपरीची_लेक :
मोल्डिंगवाले दादा, ई-श्रम कार्ड काढलं का तुम्ही? आणि रेशन आता शहरात मिळतं का? 'एक देश एक रेशन' झालंय ना.

मोल्डिंगवाला :
कार्ड काढलंय ताई. अपघात विमा आहे म्हणाले त्यावर, बाकी अजून काही आलं नाही. रेशन मिळतं आता, अंगठा दिला की. फक्त माझा अंगठा वाळूनं झिजलाय, मशीन घेत नाही, बायकोला न्यावं लागतं.

तांबडा_पांढरा :
दादा, त्यावर उपाय हाय. ओटीपीवर पण धान्य देता येतं, दुकानदाराला सांगा नंबर आधारला जोडलाय म्हणून. नाय ऐकला तर तहसीलला पुरवठा विभागात अर्ज द्या. मी येतो बरोबर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.